मूठभर धान्य, एक पंगत : शेजारधर्म शिकवणाऱ्या वसतिगृहाची गोष्ट

१/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा भागातील अनेक घरांत एक साधी रीत रुजली. घरातील बाई रोजच्या दळणातून मूठभर धान्य काढून एका वेगळ्या मडक्यात टाकत असे. ते धान्य तिच्या मुलांसाठी नव्हते, देवळासाठी नव्हते आणि बलुत्याच्या हिशेबातलेही नव्हते. शहरातील एका वसतिगृहात शिकणाऱ्या, तिने कधी न पाहिलेल्या मुलांच्या भाकरीसाठी ते होते. त्या मुलांत मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व समाजांतील मुले होती आणि ती एकाच पंगतीला जेवत असत.
मुलांना शेजारधर्म शिकवता येतो का, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले हे एक ठोस उत्तर. त्याचा हा इतिहास. 🧵

२/
प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. परस्परांना मदत करणे खेड्याला कोणी बाहेरून येऊन शिकवले नव्हते. ज्याच्याकडे एकच बैल आहे असा शेतकरी दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी ‘सावड’ करी. दोघांचे बैल एका औताला जुंपले जात आणि दोघांचीही शेते नांगरून होत. कामाच्या मोबदल्यात पैसे न घेता पाळीपाळीने काम परत करण्याच्या रीतीला काही भागांत ‘वारंगुळा’ म्हणत. भीमाशंकरच्या परिसरात, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्यासाठी आदिवासी कुटुंबे ‘पडकई’ करीत.

३/
यांतील सर्वांत देखणी प्रथा ‘इर्जिक’. एखाद्याची नांगरट मागे राहिली, घरात आजारपण आले, बैल मेला, तर गावातील शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरत. एका दिवसात काम उरके. ज्याचे शेत, त्याने सर्वांना जेवू घालायचे, इतकीच परतफेड.
औताच्या मागे ढेकळे फोडत फिरणारी मुले हे सारे पाहत मोठी होत. त्यांना सहकार्याचा धडा निराळा द्यावा लागत नसे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात, हा हिशेब त्यांना अक्षरओळखीच्या आधी कळलेला असे.

४/
परंतु ही मुले आणखीही एक गोष्ट पाहत होती. काम संपल्यावर पंगत बसे आणि ती जातीच्या रेषेवर तुटे. गावची राखण, निरोप, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी कामे महाराकडे असत. गावगाडा त्याच्यावाचून चालत नसे, तरी गावच्या विहिरीला त्याचा हात लागता कामा नये असा दंडक होता.
मदतीची परंपरा होती, आणि तिला कुंपणही होते. मूल दोन्ही गोष्टी एकाच अंगणात शिकत असे. शेजारी कोणाला म्हणायचे आणि कोणाला नाही, हेही एक शिक्षणच होते.

५/
हे कुंपण मुलांच्या मनातून काढायचे कसे? उपदेशाने ते निघत नाही, हे एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना पुरते कळून चुकले होते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयोग करून पाहिला होता. त्याचा लाभ मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच राहिला. मग महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी स्वतंत्र वसतिगृहांना आश्रय दिला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले.

६/
या निर्णयाकडे आजच्या चष्म्यातून पाहणे अन्यायाचे ठरेल. त्या काळी खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळणे हीच पहिली अडचण होती. समाजाने आपल्या मुलांसाठी पैसा उभा करावा, म्हणून समाजाच्या नावाने वसतिगृह, हे व्यवहाराचे गणित होते. त्यातून हजारो मुले शिकली.
पण एक प्रश्न उरलाच. मूल शिकले तरी ते राहिले, जेवले आणि झोपले आपल्याच जातीच्या मुलांबरोबर. मग शेजारी या शब्दाची त्याची व्याख्या बदलणार कधी?

७/
या वसतिगृहांपैकी जैन बोर्डिंगात एक उंचापुरा, अभ्यासापेक्षा कुस्तीत रमणारा विद्यार्थी राहत होता. भाऊराव पायगौंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे.
चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परतल्यावर ‘विटाळ’ फेडण्यासाठी अंघोळ करावी हा आग्रह त्यांनी मानला नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. परीक्षांतही त्यांना यश मिळाले नाही. पुढे ज्यांच्या नावाने शेकडो शाळा चालल्या, त्या माणसाची स्वतःची शालेय कारकीर्द ही अशी होती.

८/
साताऱ्यात त्यांनी काही काळ शिकवण्या केल्या आणि ‘पाटील मास्तर’ म्हणून नाव मिळवले. मग ओगले काचकारखाना, किर्लोस्कर, कूपर अशा उद्योगांसाठी त्यांनी विक्रीचे काम केले. त्या निमित्ताने कंदील आणि लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव फिरले.
ही फिरती हेच त्यांचे खरे विद्यापीठ ठरले. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या घरातील हुशार पोर गुरांमागे फिरते आहे, कोणता शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला आहे, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार झाला. नवा नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते. ती भाषा पुढे वर्गणी मागताना उपयोगी पडली.

९/
१९१८ आणि १९१९ ही महाराष्ट्राच्या खेड्यांसाठी भयंकर वर्षे होती. १९१८ चा पाऊस फसला. त्यातच इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि मुंबई इलाख्यात लाखो माणसे दगावली. घरेच्या घरे ओस पडली.
अशा काळात सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात, कराड तालुक्यातील काले या गावी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी ‘रयत शिक्षण संस्था’ स्थापन झाली. नावातच धोरण होते. संस्था एखाद्या जातीची नव्हती, रयतेची होती. त्याच वर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश काढला, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१०/
संस्थेची सुरुवातीची उद्दिष्टे वाचली तर एक गोष्ट लक्ष वेधून घेते. मागासलेल्या वर्गात शिक्षणाची गोडी लावणे आणि गरीब मुलांना शक्यतो मोफत शिकवणे ही अपेक्षित उद्दिष्टे आहेतच. त्यांच्या जोडीला, निरनिराळ्या जातींच्या मुलांमध्ये परस्परांविषयी प्रेम निर्माण करणे, आणि ऐक्याचे महत्त्व प्रत्यक्ष कृतीने पटवून देणे, हीही उद्दिष्टे आहेत.
‘कृतीने’ या शब्दावर सारा भर आहे. प्रेमभाव हा पाठ्यपुस्तकातील धडा होऊ शकत नाही, हे संस्थेने पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते.

११/
१९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. धनिणीची बाग ही त्याची प्रसिद्ध जागा.
येथे नोकरचाकर ठेवणे परवडणारे नव्हते आणि धोरणातही बसत नव्हते. पाणी भरणे, दळण, सरपण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामे मुलांनीच वाटून करायची. शेतीत राबायचे, इमारतीसाठी दगडमाती वाहायची. वर्ग मात्र चुकवायचा नाही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य या दिनक्रमातूनच आलेले आहे.

१२/
या दिनक्रमात खोलवर काय चालले होते, ते पाहू.
जातिव्यवस्थेची मुळे तीन ठिकाणी घट्ट असतात : पाणी, अन्न आणि काम. कोणी भरलेले पाणी प्यायचे, कोणी रांधलेले खायचे, आणि कोणते काम कोणाच्या वाट्याला जायचे. वसतिगृहात ही तिन्ही सूत्रे रोज सकाळ-संध्याकाळ मोडली जात. त्यासाठी भाषण होत नसे. भूक लागलेली असे, भाकरी समोर असे, आणि ती आज कोणी थापली याची चौकशी करायला वेळ नसे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात सवय विचाराच्या आधी शिरते. संस्थेने नेमक्या त्याच दारातून प्रवेश केला.

१३/
हे सारे सहज घडले असे समजू नये. सर्वांत कठीण बदल भाऊरावांच्या स्वतःच्या घरात घडायचा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन आणि कर्मठ जैन कुटुंबातून आलेल्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार पक्के. घरात सर्व जातींची मुले वावरू लागली तेव्हा त्यांना ते रुचणे सोपे नव्हते.
पण हळूहळू त्याच बाई मुलांचे आजारपण काढू लागल्या, त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी वाहू लागल्या. भाऊराव मुलांचे ‘अण्णा’ झाले, लक्ष्मीबाई ‘वहिनी’ झाल्या. नात्याचे शब्द बदलले की माणसे बदलतात, याचे हे उदाहरण.

१४/
वसतिगृहाची कोठी अनेकदा रिकामी असे. लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून मुलांच्या अन्नासाठी गेले. एका प्रसंगी तर मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा विस्तार पाहायला त्या उरल्या नाहीत.
इतिहासात कर्मवीरांचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण एका सनातनी घरातील स्त्रीने आपला सोवळ्याचा संस्कार आणि सौभाग्याचे लेणे, दोन्ही परक्यांच्या मुलांसाठी सोडले, हा बदल एखाद्या संस्थेच्या स्थापनेइतकाच मोलाचा आहे.

१५/
आता सुरुवातीच्या त्या मडक्याकडे परत येऊ. मूठभर धान्याच्या या योजनेला ‘मुष्टिफंड’ म्हणत. तिचे अर्थशास्त्र अगदी साधे आहे.
एक मूठ धान्य म्हणजे ढोबळमानाने पन्नास ग्रॅम धरू. शंभर घरांतून रोज एक मूठ निघाली तर पाच किलो होते आणि महिन्याला दीडशे किलो. एका घराला त्याचा भार जाणवत नाही आणि तिकडे मुलांच्या पंगतीची महिन्याची तरतूद होऊ लागते. खेड्यात रोकड दुर्मीळ होती, धान्य मात्र घरोघरी होते. जे लोकांकडे आहे तेच मागायचे, आणि इतके थोडे मागायचे की गरिबातल्या गरिबालाही देणारा होता यावे.

१६/
मुष्टिफंडाचा खरा अर्थ याहून पुढे जातो. श्रीमंताच्या देणगीवर चाललेली संस्था श्रीमंताची होते. मुठीवर चाललेली संस्था गावाची होते. ज्या बाईने वर्षभर मूठ टाकली, तिला त्या वसतिगृहाविषयी आपलेपणा वाटू लागतो. उद्या स्वतःचे पोर तेथे पाठवताना ती बिचकत नाही.
आणि मुलांच्या बाजूने पाहिले तर? ताटातील भाकरी अनोळखी घरांतून आली आहे, हे त्यांना ठाऊक असे. इर्जिकीतील परतफेड एका गावापुरती होती. येथे ज्याचे ऋण घेतले त्याचे नावही माहीत नाही. मग ते फेडायचे कोणाला? उत्तर एकच उरते : जो समोर येईल त्याला.

१७/
फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात आणि राबतात, हे पाहून ते प्रभावित झाले. पुढे त्यांच्या हरिजन कार्याच्या निधीतून वसतिगृहाला साहाय्यही मिळाले.
काळाचा संदर्भ लक्षात घ्यावा. याच्या पुढच्याच महिन्यात, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्येच झाला होता, तरी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून सत्याग्रहींवर हल्ला झाला.

१८/
या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या की त्या काळाची कोंडी कळते. महाडमध्ये मोठी माणसे एका ओंजळीसाठी रक्त सांडत होती. साताऱ्यात मुले एकाच रांजणातले पाणी पीत होती.
म्हणून वसतिगृह पुरेसे होते आणि सत्याग्रह अनावश्यक होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हक्क मागून, प्रसंगी भांडून मिळवावे लागतात. मिळालेला हक्क रोजच्या वागण्यात मुरवण्यासाठी मात्र अशी घरे लागतात. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात संस्थेने जे वसतिगृह काढले, त्याचे नाव ‘युनियन बोर्डिंग’ ठेवले, त्यामागची जाणीव हीच.

१९/
श्रमातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर ‘नई तालीम’ म्हणून देशभर चर्चेत आला. साताऱ्यातील मुले त्याआधी दशकभर तो जगत होती. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत माध्यमिक शिक्षणात रुळली. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, १९५५ मध्ये साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन.
नावे पाहा : शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज, मौलाना आझाद. संस्थेच्या पाट्यांचीही एक पंगतच झाली.

२०/
याच काळात खेड्यांत संस्थेच्या पाचशेहून अधिक ‘व्हॉलंटरी’ शाळा निघाल्या. गावाने जागा द्यायची, मग ते देऊळ असो, चावडी असो वा धर्मशाळा. शिक्षकाच्या पोटापाण्याकडे गावाने लक्ष द्यायचे. ज्या देवळाच्या ओसरीवर काही मुलांना एरवी पाऊल टाकता येत नव्हते, तेथे पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गावागावांत वाद झाले, तडजोडी झाल्या आणि कुठे कुठे मने बदललीही.
१९४८ मध्ये संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ थांबले. त्या अडचणीत संस्था तगली ती प्रामुख्याने लोकवर्गणीवर. पूर्वी टाकलेली मूठ अशी उपयोगी पडली.

२१/
या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. सुरुवातीचे वसतिगृह मुलग्यांचे होते. मुलींचे शिक्षण त्या मानाने मागाहून वाढले. सुट्टीत मूल गावी गेले की जुनी विहीर, जुनी पंगत आणि जुनी रेषा त्याची वाट पाहत असे. एका घरात एकत्र जेवलेल्या मुलांच्या गावांत जातीय अन्याय थांबला, असे म्हणण्याजोगा पुरावा इतिहास देत नाही.
तरीही फरक पडला. पंगतीला बसलेली मुले पुढे शिक्षक झाली, वकील झाली, कारभारी झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच मुशीतून घडले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या मुलांना रेषा दिसत होती, पण ती निसर्गनियम आहे असे त्यांना पुन्हा कधी वाटणे शक्य नव्हते.

२२/
९ मे १९५९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे पुण्यात निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. मिळाली होती. शालेय परीक्षांत अपयशी ठरलेल्या या माणसामागे शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये आणि डझनावारी वसतिगृहे उभी होती. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष. पारंब्या जमिनीत जाऊन पुन्हा खोड होतात, हे त्या चिन्हाचे सांगणे आहे.

२३/
मुलांना शेजारधर्म कसा शिकवावा, यावर आज भरपूर लिहिले जाते. गोष्टी सांगा, तक्ते लावा, दिवस साजरे करा. साताऱ्याचा इतिहास त्यात तीन साध्या गोष्टींची भर घालतो.
पहिली, मुलांना एकत्र बसवण्याआधी एकत्र कामाला लावा. श्रमात ओळख लवकर होते.
दुसरी, घेणाऱ्यालाही देणारा होण्याची संधी द्या. मूठ प्रत्येकाकडे असते.
तिसरी आणि सर्वांत अवघड, शेजारी या शब्दाचे कुंपण कोठे घातले आहे ते तपासा. इर्जिकीला येणारे गाव मदतीत कंजूष नव्हते. मदत कोणापर्यंत पोहोचवायची, एवढ्यापुरतेच ते कंजूष होते.

२४/
ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीतले आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गावात इर्जिक किंवा सावड होत असे का? आणि काम झाल्यावर पंगत कशी बसत असे, कोण कोठे बसे?
पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हसऱ्या चेहऱ्याने मिळेल. दुसऱ्या प्रश्नाला कदाचित थोडी शांतता येईल. ती शांतताही ऐकून, तारीख घालून लिहून ठेवावी. गावाचा अर्धा इतिहास कागदावर नाही, तो अशा माणसांच्या आठवणीत आहे आणि तो दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. 🌾